सुपरचार्जरची क्लच पुली: बिघाड ओळखण्यापासून नवी बसवण्यापर्यंत

गाडी एरवी ठीक चालते, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पूर्वीची ओढ लागत नाही. कधी बोनेटखालून क्षणभर किंचाळी ऐकू येते, कधी काहीतरी घासून जळल्याचा वास येतो, तर कधी इंजिन नुसतं आयडलवर असतानाही पुढच्या बाजूने घरघर चालूच असते. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: सुपरचार्जर गेला, आख्खा बदला. मलाही तेच सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात माझ्या गाडीचा सुपरचार्जर, म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, धडधाकट होता. क्लचची प्लेट झिजून फट वाढली होती आणि पुलीच्या बेअरिंगमधलं ग्रीस संपलं होतं, एवढंच.

हा लेख पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. स्वतः काम करणार नसाल तरी पहिले चार टप्पे वाचा. गॅरेजमध्ये काय विचारायचं आणि कोणता आकडा मागायचा हे त्यातून कळेल.

## १. तुमच्या गाडीत क्लच पुली आहे का, हे आधी बघा

प्रत्येक सुपरचार्जरला क्लच नसतो. बऱ्याच गाड्यांत पुली थेट शाफ्टवर घट्ट बसवलेली असते आणि इंजिन चालू असेपर्यंत सुपरचार्जर फिरतच राहतो. क्लच असलेली जी उदाहरणं नेहमी समोर येतात ती अशी: मर्सिडीजची सुरुवातीची एसएलके २३० कॉम्प्रेसर, सी ३२ एएमजी आणि ई ५५ एएमजी, सी ३२ चंच इंजिन घेतलेली क्रायस्लर क्रॉसफायर एसआरटी-६, आणि ४ए-जीझेडई इंजिन असलेली टोयोटा एमआर२.

फोक्सवागनचं सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही असलेलं १.४ टीएसआय इंजिन वेगळं धरा. त्यात चुंबकीय क्लच सुपरचार्जरवर नसून कूलंट पंपाच्या पुलीत असतो. तिथे पंपासह सगळा संचच बदलतात, त्यासाठी कूलंट काढावं लागतं आणि खोलण्याचा क्रमही निराळा असतो. त्या गाडीला या लेखातली तपासणी बरीचशी लागू पडते, खोलण्याचे टप्पे लागू पडत नाहीत.

## २. आतली रचना समजून घ्या

गाडीच्या एसी कॉम्प्रेसरचा क्लच कधी उघडलेला पाहिला असेल तर हा लगेच ओळखीचा वाटेल. मुख्य भाग तीन.

कॉइल. तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं. ते सुपरचार्जरच्या नाकाडावर, म्हणजे पुढे आलेल्या घरावर, पक्कं बसवलेलं असतं आणि फिरत नाही. त्याला बॅटरीचा दाब (व्होल्टेज) मिळाला की ते चुंबक बनतं.

पुली. बेल्ट हिच्यावरून जातो. ती बेअरिंगवर बसलेली असते आणि बेअरिंगची आतली रिंग नाकाडावर. इंजिन चालू असलं की पुली फिरणारच, क्लच लागलेला असो वा नसो.

प्लेट आणि हब. हब शाफ्टच्या खाचांवर बसतो. त्याला पातळ पट्टीच्या स्प्रिंगांनी किंवा रबराने जोडलेली लोखंडी चकती म्हणजे प्लेट. कॉइल चुंबक झाली की प्लेट पुलीच्या तोंडाला चिकटते आणि शाफ्ट फिरू लागतो. वीज गेली की स्प्रिंग प्लेटला मागे खेचते.

प्लेट आणि पुली यांच्यामधल्या जागेला एअर गॅप म्हणतात. मी तिला फट म्हणेन. हबच्या मागे, शाफ्टवर, अगदी पातळ चकत्या असतात. त्या शिम. किती जाडीच्या शिम घातल्या आहेत यावर फट ठरते. या कामातला निम्म्याहून जास्त शहाणपणा या फटीशी निगडित आहे, म्हणून चौथ्या टप्प्यात तिच्यावर सविस्तर लिहिलं आहे.

क्लच ठेवण्याचं कारण सरळ आहे. गरज नसताना सुपरचार्जर फिरवण्यात इंजिनाची ताकद आणि इंधन जातं, आणि हवा उगाच तापते. म्हणून इंजिनाचा कंट्रोल युनिट गरज असेल तेव्हाच क्लच लावतो.

## ३. बिघाड कुठे आहे ते पाने हातात घेण्याआधी ठरवा

इथे घाई करू नका. ओढ कमी होण्याची सगळीच कारणं क्लचमध्ये नसतात. बायपास व्हॉल्व्ह (सुपरचार्जरची हवा परत वळवणारी झडप) उघडा अडकला, इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप सुटला किंवा हवेची गळती असली तरी चालवताना अगदी असंच जाणवतं. शिवाय आत येणारी हवा फार तापली किंवा इंजिन नॉक करू लागलं (आतलं इंधन अवेळी पेटून टकटक होऊ लागली) तर कंट्रोल युनिट मुद्दामच क्लच सोडतो. तेव्हा आधी स्कॅनर लावून त्रुटीचे कोड वाचा. स्कॅनरमध्ये क्लच लावण्याची थेट आज्ञा देण्याची सोय असेल तर फारच सोपं होतं.

आवाज ऐका. इंजिन आयडलवर, क्लच सुटलेला. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब दांडी नाकाडाच्या स्थिर भागाला लावा. फिरत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून बाह्या, ओढणी, केस, साखळी सगळं लांब ठेवा. घरघर आत्ताच ऐकू येत असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर. आवाज क्लच लागल्यावरच सुरू होत असेल तर सुपरचार्जरच्या आतलं बेअरिंग, गिअर किंवा कपलिंग तपासावं लागेल आणि तिथे नवी क्लच पुली घालून काहीही सुटणार नाही. लागताना एकदाच 'चीं' करून थांबत असेल तर प्लेट घसरते आहे किंवा बेल्ट ढिला आहे.

बेल्ट काढून हाताने फिरवा. इंजिन बंद आणि थंड असताना. पुली एका हाताने फिरवा: ती गुळगुळीत, आवाजाशिवाय फिरली पाहिजे. मग पुलीच्या दोन विरुद्ध कडा धरून पुढेमागे हलवा. खटका जाणवला, म्हणजे प्ले असला, तर बेअरिंग गेलं. त्यानंतर फक्त हब फिरवा. इथे थोडा सारखा प्रतिकार लागणं ठीक आहे, पण कचकच किंवा अडकणं ठीक नाही. तसं लागलं तर थांबा, कारण तो बिघाड सुपरचार्जरच्या पोटातला आहे.

बेल्टशिवाय इंजिन लावून पाहणार असाल तर आधी खात्री करा की तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवत नाही. फिरवत असेल तर इंजिन अगदी थोडा वेळच चालू ठेवा.

डोळ्यांनी पाहा. क्लचच्या भोवती तांबूस बारीक भुकटी जमलेली दिसली तर प्लेट आणि पुली एकमेकांवर घासताहेत. प्लेटची कड निळसर झालेली असेल तर ती खूप तापली आहे. तेलाचा ओला थर दिसला तर नाकाडाचं सील गळतंय. हे तिसरं लक्षण नीट लक्षात ठेवा. गळकं सील तसंच ठेवून नवा क्लच घातला तर तोही तेलात भिजून घसरणार.

आता विजेची तपासणी. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो.

कॉइलचा कनेक्टर काढून तिचा रोध मोजा. अशा १२ व्होल्टच्या कॉइल साधारण ३ ते ५ ओहमच्या असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा दुरुस्ती पुस्तिकेत मिळेल आणि तोच अंतिम. मीटरने अनंत दाखवलं तर तार तुटली आहे. अर्ध्या-एक ओहमवर आला तर आत शॉर्ट आहे, आणि फ्यूज सारखा उडण्याचं कारणही बहुधा तेच. कॉइलला दोन तारा असतील तर प्रत्येक तार आणि कॉइलचं लोखंडी अंग यांच्यातही मोजा. तिथे जोड दिसता कामा नये. एकच तार असेल तर दुसरं टोक अंगालाच जोडलेलं असतं, त्यामुळे जोड दिसणारच.

मग कनेक्टर लावून, क्लच लागलेला असताना, कॉइलच्या दोन टोकांवरचा दाब मोजा आणि त्याच वेळच्या बॅटरीच्या दाबाशी ताडून पाहा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असला तर रिले, कनेक्टर किंवा अर्थिंगमध्ये दाब खाल्ला जातो आहे. अशा वेळी प्लेट अर्धवट चिकटते, घसरते, जळते, आणि खापर क्लचवर फुटतं. रिले बदलून आणि अर्थिंगचा बोल्ट घासून साफ करून बरा झालेला 'खराब क्लच' मी स्वतः पाहिला आहे.

## ४. फट मोजा, तीही तीन ठिकाणी

फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या संचाची) पाती प्लेट आणि पुलीच्या मध्ये सरकवा. पाती हलकी अडकत सरकली पाहिजे. जबरदस्तीने घुसवली तर स्प्रिंग दबून खोटा आकडा मिळतो. परिघावर सारख्या अंतरावर तीन ठिकाणी मोजा आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. या जातीच्या क्लचमध्ये फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात. पुन्हा तेच: पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तो पाळा.

पाती घालायला जागा नसेल तर डायल इंडिकेटर (बारीकसं सरकणंही काट्यावर दाखवणारं मापक) वापरा. त्याची टाचणी प्लेटवर टेकवा, काटा शून्यावर आणा आणि कॉइलला फ्यूज लावलेल्या तारेने १२ व्होल्ट द्या. प्लेट जेवढी आत सरकली तेवढी फट. मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण यात प्लेट खरोखर चिकटते की नाही तेही दिसतं.

तीन आकड्यांत ०.१ मिलिमीटरहून बराच जास्त फरक येत असेल तर प्लेट वाकली आहे किंवा हब तिरका बसला आहे. तिन्ही आकडे सारखेच पण मोठे असतील तर प्लेट समान झिजली आहे. ही झीज चांगली, कारण ती एखादी शिम काढून दुरुस्त होते.

'गाडी थंड असताना ठीक, गरम झाली की क्लच सुटतो' ही तक्रार सगळ्यांत जास्त गोंधळात टाकते. तिचं गणित मांडतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंश सेल्सिअसला ४ ओहम असलेली कॉइल १२० अंशांला सुमारे ५.६ ओहमची होते. १३.५ व्होल्टवर तिच्यातून जाणारा प्रवाह ३.४ अँपिअरवरून २.४ वर येतो. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ती थंड अवस्थेच्या जवळजवळ निम्मी उरते. फट योग्य असेल तर ही निम्मी ओढही प्लेट धरून ठेवते, कारण कारखान्याने तेवढी राखीव ताकद दिलेलीच असते. पण झिजून फट वाढली असेल तर ओढ त्यामुळेही झपाट्याने कमी झालेली असते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गरम इंजिनावर प्लेट सुटते किंवा घसरते. गॅरेजमध्ये गाडी थंड झाल्यावर तपासली जाते, तेव्हा क्लच 'टक्' करून लागतो आणि 'यात काही दोष नाही' असा निकाल मिळतो. म्हणून ही तपासणी गाडी भरपूर चालवून आल्यावर पुन्हा करा. इंजिन बंद करा, हातमोजे घाला आणि भाजणार नाही याची काळजी घ्या.

उलट टोकही आहे. फट फार कमी ठेवली तर क्लच सुटल्यावरही प्लेट पुलीला चाटत राहते, तापते आणि वाकते. 'घट्ट असलेलं बरं' हा नियम इथे चालत नाही.

## ५. काय बदलायचं ते ठरवा

फक्त शिम: फट वाढलेली, तोंडं साफ, बेअरिंग चांगलं, कॉइल चांगली. सुट्ट्या शिमांशिवाय खर्च नाही.

फक्त बेअरिंग: पुलीत प्ले किंवा घरघर, पण पुली आणि प्लेटची तोंडं सपाट. प्रेस उपलब्ध असेल तर उत्तम पर्याय.

पूर्ण क्लच संच: तोंडावर खोल चरे, निळेपणा, वाकलेली प्लेट, तुटलेली स्प्रिंग किंवा कॉइलला पुली घासल्याच्या खुणा.

कॉइल जळाली असेल तर ती का जळाली हे शोधल्याशिवाय नवी लावू नका. बेअरिंग ढिलं झालं की पुली डुलते आणि आतून कॉइलवर घासते. तशा स्थितीत नुसती कॉइल बदलली तर नवीही थोड्या दिवसांत जाईल.

आणखी दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे प्लेट वेल्डिंग करून कायमची जोडणं. हे करू नका. सुपरचार्जर मग आयडलपासून पूर्ण वेगापर्यंत सुटतच नाही. वर उल्लेख केलेल्या फोक्सवागन इंजिनात तर ते सरळ घातक आहे. तिथे सुपरचार्जर क्रँकशाफ्टच्या पाचपट वेगाने फिरतो आणि त्याची मर्यादा मिनिटाला १७,५०० फेऱ्यांची आहे. त्यामुळे इंजिन ३,५०० फेऱ्यांच्या आसपास पोचलं की क्लच सुटावाच लागतो. तो जोडलेला राहिला तर ६,००० फेऱ्यांना सुपरचार्जर ३०,००० वर जाईल. दुसरा उपाय म्हणजे जास्त बूस्टसाठी (सुपरचार्जर देतो त्या हवेच्या जादा दाबासाठी) लहान व्यासाची पुली. तिने सुपरचार्जरचा वेग, त्याला फिरवायला लागणारी ताकद आणि बेअरिंगवरचा ताण तिन्ही वाढतात. बिघाड दुरुस्त करताना हा प्रयोग त्याच्यात मिसळू नका. आधी मूळ मापावर सगळं नीट चालू द्या.

## ६. सामान आणि हत्यारं

- तुमच्या नेमक्या इंजिनाची दुरुस्ती पुस्तिका. टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा), फट आणि बोल्टच्या आट्यांची दिशा तिच्यातून घ्यायची.
- मल्टिमीटर, फीलर गेज, शक्य असल्यास डायल इंडिकेटर.
- हब धरून ठेवायचं हत्यार. हबच्या भोकांत बसणाऱ्या दोन-तीन दांड्या असलेला पाना.
- हब काढायचा पुलर आणि पुलीचा पुलर. एसी क्लचचे संच मिळतात, पण आटे जुळतात का ते आधी तपासा.
- बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही सर्क्लिपचे प्लायर. सर्क्लिप म्हणजे खाचेत बसून भाग जागेवर अडवणारी स्प्रिंगची रिंग.
- टॉर्क रेंच, लहान मापांसाठीचा.
- बेअरिंग बदलणार असाल तर हायड्रॉलिक प्रेस आणि योग्य व्यासाच्या नळ्या.
- नव्या सर्क्लिप, शिमांचा संच, नवा मधला बोल्ट, ब्रेक क्लीनर, निळा थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव), बिनधाग्याची फडकी.
- नवा बेल्ट. जुना घासला गेलेला असेल तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारं चाक) हेही.
- गॉगल. सर्क्लिप सुटून डोळ्याकडे येते ती सांगून येत नाही.

जुन्या क्लचवरचा भाग क्रमांक आणि गाडीच्या नोंदणीच्या कागदांवरचा चेसिस क्रमांक सुटा भाग मागवताना जवळ ठेवा. एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या वर्षांत कॉइलचा कनेक्टर किंवा पुलीचा व्यास बदललेला असू शकतो. जुन्या पुलीचा व्यास आणि खाचांची संख्या मोजून नव्याशी जुळवल्याशिवाय पाकीट फोडू नका.

## ७. क्लच खोलणं

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची ऋण तार काढा.

२. पंख्याचं आवरण, हवेची नळी, जे काही आड येतं ते काढा. काढण्याआधी बेल्टच्या मार्गाचा फोटो काढा. टेन्शनर फिरवून त्याच्या भोकात पिन घाला आणि बेल्ट काढा.

३. कॉइलचा कनेक्टर सोडा. तार कोणत्या चिमट्यातून कशी गेली आहे त्याचाही फोटो घ्या.

४. हब धरून ठेवा आणि मधला बोल्ट सोडा. हा बोल्ट लहान असतो. इम्पॅक्ट गन वापरू नका. तिचे हादरे थेट शाफ्टच्या बेअरिंगांना आणि आतल्या, हवा ढकलणाऱ्या रोटरांना बसतात, आणि त्या रोटरांमधली जागा मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी असते.

५. पुलर लावून हब बाहेर काढा. दोन स्क्रू-ड्रायव्हर घालून तो उचकटण्याचा मोह होतो. त्याने प्लेट वाकते आणि मग कोणतीही शिम घातली तरी फट सारखी येत नाही.

६. शिम कुठे आहेत ते बघा. काही हबच्या आत चिकटून राहतात, काही शाफ्टवर, एखादी खाली पडते. सगळ्या गोळा करून मायक्रोमीटरने एकूण जाडी मोजा आणि लिहून ठेवा.

७. पुलीची सर्क्लिप काढा. पुली हाताने आली तर उत्तम, नाहीतर पुलर. पुलरचा दाब शाफ्टच्या टोकावर थेट येऊ देऊ नका, नाकाडावर टेकणारी टोपी वापरा.

८. कॉइलची सर्क्लिप काढून कॉइल सरळ बाहेर ओढा. तिच्या मागे छोटी खुंटी असते, जी घराच्या भोकात बसते. खुंटीची जागा मार्करने खुणा करून ठेवा.

नाकाड आता उघडं आहे. सील गळत असेल तर हीच वेळ. सुपरचार्जरच्या गिअरसाठीचं तेल वेगळं, खास सिंथेटिक असतं. त्यात इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल ओतू नका.

## ८. बेअरिंग बदलणं

बेअरिंगचा क्रमांक कडेवर कोरलेला असतो. पण फक्त मापं जुळली म्हणून कोणतंही एसी कॉम्प्रेसरचं बेअरिंग घेऊ नका. क्रँकच्या पुलीचा व्यास सुपरचार्जरच्या पुलीच्या दुप्पट असेल तर इंजिनाच्या ६,००० फेऱ्यांना हे बेअरिंग १२,००० ने फिरतं, आणि तेही गरम इंजिनाला चिकटून. त्याच्या माहितीपत्रकात कमाल वेग आणि ग्रीसची तापमान मर्यादा दोन्ही पाहा. आतली मोकळीक मूळ बेअरिंगसारखीच हवी. सीलही तसंच हवं.

काही पुल्यांत बेअरिंग सर्क्लिपने अडवलेलं असतं, काहींत पुलीची कड ठोकून. ठोकलेली कड आधी बारीक कानसून मोकळी करा आणि चुरी पुसून घ्या. मग पुली खालून नळीवर नीट टेकवून जुनं बेअरिंग प्रेसने बाहेर काढा. पुलीच्या पातळ तोंडावर भार येता कामा नये.

नवं बसवताना एक नियम पाळा: जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच दाब द्या. बेअरिंग पुलीत बसवताना बाहेरच्या रिंगवर, पुली नाकाडावर बसवताना आतल्या रिंगवर. उलट केलंत तर दाब गोळ्यांमधून जातो, रिंगेवर सूक्ष्म खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. पुली ८० ते १०० अंशांपर्यंत समान तापवली तर काम हलक्या हाताने होतं. त्यासाठी गॅसची ज्योत नको, ओव्हन चालेल.

## ९. जुळणी

आधी सगळी तोंडं ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडी करा. त्यांना पुन्हा बोट लावू नका, बोटाचं तेलही नको.

कॉइल खुंटी भोकात बसवून सपाट टेकवा आणि सर्क्लिपची तिरपी कड, असल्यास, बाहेरच्या बाजूला ठेवून बसवा. पुली बसवा, तिची सर्क्लिप लावा आणि फिरवून बघा. कॉइलला कुठेही स्पर्श झाला तर इथेच थांबून कारण शोधा.

शिम जुन्या जाडीच्याच घालून सुरुवात करा. प्लेट नवी असेल तर तिच्यासोबत आलेल्या शिमांनी. हब शाफ्टच्या खाचांवर सरळ बसवा. हातोडीने ठोकू नका. तो सहज जात नसेल तर बसवायचं हत्यार वापरा, किंवा खाचांमधली गंजाची धूळ साफ करा. मधला बोल्ट टॉर्कवर आवळा आणि मगच फट मोजा. बोल्ट ढिला असताना मोजलेली फट निरुपयोगी आहे.

आकडा जास्त असेल तर शिम कमी करा, कमी असेल तर वाढवा. हे दोन-तीन वेळा करावं लागतं आणि कंटाळा येतो. तरी '०.६ आलंय, चालेल' म्हणून सोडू नका. मी मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागात फट ठेवतो, म्हणजे पुढच्या झिजेला जागा राहते. शेवटी थ्रेडलॉकरचा थेंब टाकून बोल्ट अंतिम टॉर्कवर आवळा आणि तिन्ही जागी पुन्हा मोजा.

तार तिच्या मूळ चिमट्यांतूनच न्या. पुलीला लागून तिचं आवरण सोललं गेलं तर फ्यूज उडेल, तोही नेमका गाडी लांब कुठेतरी असताना.

## १०. रुळवणं आणि चाचणी

बॅटरी जोडा. इंजिन बंद असतानाच कॉइलला वीज द्या: स्पष्ट 'टक्' ऐकू आला पाहिजे आणि वीज काढताच प्लेट ताबडतोब सुटली पाहिजे.

नवी तोंडं पूर्ण क्षेत्रावर टेकत नाहीत. त्यांना एकमेकांवर बसवून घ्यावं लागतं. इंजिन आयडलवर ठेवून स्कॅनरच्या आज्ञेने क्लच वीस-पंचवीस वेळा लावा आणि सोडा, प्रत्येक वेळी काही सेकंद लागलेला आणि काही सेकंद सुटलेला. मध्ये ॲक्सिलरेटर दाबू नका. सरळ रस्त्यावर नेऊन पूर्ण ताकद मागितली तर नवी प्लेट त्याच दिवशी घसरून निळी होऊ शकते, आणि लोकांना वाटतं की सुटा भागच खोटा होता.

मग गाडी गरम होईपर्यंत शांतपणे चालवा आणि त्यानंतर हळूहळू भार वाढवा. बूस्ट दाखवणारा काटा किंवा स्कॅनर असेल तर गरम इंजिनावर, जास्त फेऱ्यांना, दाब मध्येच कोसळत नाही ना ते बघा. परत आल्यावर क्लचभोवती पुन्हा तांबूस भुकटी, वास किंवा तेल दिसतं का ते तपासा. रुळताना थोडी भुकटी पडणं ठीक आहे. ती एकदा पुसून टाका, पुन्हा जमत राहिली तर फट परत मोजा.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर फट आणखी एकदा मोजायची आहेच, कारण तोंडं बसल्यावर ती किंचित वाढते. त्या वेळचे तीन आकडे, घातलेल्या शिमांची एकूण जाडी, कॉइलचा थंड रोध आणि बेअरिंगचा क्रमांक गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा.